लॉरीचं कार्ड

प्रदर्शनाला तीन दिवस उरले होते. शाळेच्या मागच्या खोलीत मिस एन्योनाम यांनी दोन मुलांना जमिनीवर बसवलं आणि फर्मान सोडलं, "चला, कार्डं पसरा!"

मिस एन्योनाम निवृत्त शिक्षिका. मुलांना प्रकल्प लिहायला शिकवण्यासाठी त्यांनी ही खोली हेडमास्तरांशी भांडून मिळवली होती. त्यांची पद्धत ठरलेली. आधी प्रश्न ठरवायचा, मग माणसांना भेटायचं, मिळालेली एकेक माहिती एकेका कार्डावर टिपायची आणि कार्डं ओळीने लावली की निबंध आपोआप उभा राहतो. "विषयाचं नाव कार्डांच्या डब्यावर असतंच," त्या म्हणायच्या. "दर कार्डावर कशाला गिरवायचं?" हेडमास्तर आमेन्यो यांना मात्र ती खोली प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवायला हवी होती. "प्रदर्शनात काय दिवे लावताय ते बघू, मग खुर्च्यांचं ठरवू," असं ते सांगून गेले होते.

यायराने विषय घेतला होता गावचे प्रमुख तोग्बे दाके यांचं चरित्र. एलिकेमचा विषय 'आमचा बोकड: निगा आणि आजार'. तोग्बेंशी थेट बोलायची रीत नाही. त्यांचं सगळं बोलणं त्यांचे त्सियामी, म्हणजे प्रवक्ते, लोकांना सांगतात आणि लोकांचं त्यांना. म्हणून यायरा त्सियामींकडे गेली. म्हातारबुवा दोन तास असे सुटले, की यायरा आ वासून ऐकत राहिली आणि सोबत आलेल्या एलिकेमनेच सगळं टिपून घेतलं. त्यामुळे दोघांच्या कार्डांवर अक्षर एकच. त्यात दुकानात शेवटी पिवळीच कार्डं उरलेली, म्हणून रंगही एकच.

सकाळपासून वीज नव्हती. कार्डं जमिनीवर छान ओळीत लागली, मिसनी समाधानाने चष्मा पुसला आणि तेवढ्यात वीज आली. बाहेर पोरांनी "आलीऽऽ!" म्हणून आरोळी ठोकली. आत छताचा पंखा पाचावर होता. क्षणात तोग्बे आणि बोकड एकत्रच हवेत उडाले.

कपाटाखालून, मिसच्या केसांतून, खिडकीच्या गजांतून कार्डं गोळा झाली. सोपी होती ती लगेच लागली. 'कसाव्याची सालं आवडीने खाणं' बोकडाकडे. 'शेजारच्या गावाशी जमिनीचा तंटा मिटवला' तोग्बेंकडे. घोडं अडलं बाकीच्यांवर.

"'दाढी पांढरी. पहाटे उठून ओरडण्याची सवय,'" यायराने वाचलं. "मिस, हे दोघांनाही लागू पडतं."

"दोघांकडे लिहा. पुढे?"

"'आठ दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवलं. अंगाला पांढरी माती फासली.'"

"गोचिडांवरचा उपाय. बोकड!"

"पण मिस, आमच्या बोकडाला कुणी कोंडलं नव्हतं," एलिकेम चाचरत म्हणाला.

"तू शाळेत असतोस तेव्हा आई काय काय करते, तुला ठाऊक आहे? पुढे!"

"'तीन वेळा पळ काढला. शेवटी पायाला दोर बांधून लॉरीत घालून आणावं लागलं. वाटभर आरडाओरडा.'"

"हे माझं," एलिकेम म्हणाला.

"अरे शहाण्या, बोकडाला कुणी लॉरी करतं का? खांद्यावर टाकून आणतात. लॉरी म्हणजे मिरवणूक. हे तोग्बेंचं."

"आणि दोर, मिस?"

"काहीतरी विधी असेल. मोठ्या माणसांचे विधी मोठे. लिही!"

मिसपुढे बोलण्याची दोघांचीही प्राज्ञा नव्हती. कार्ड यायराच्या डब्यात गेलं.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या आवारात शामियाना लागला. पुढे छत्रीखाली तोग्बे दाके, शेजारी काठी घेतलेले त्सियामी, मागे सगळा गाव. आधी एलिकेमने वाचलं, "गोचीड झाल्यास बोकडाला आठ दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवून पांढरी माती फासतात." परीक्षक म्हणून आलेले गुरांचे डॉक्टर भराभर टिपून घेऊ लागले. गावातली वडीलधारी मंडळी मात्र एकमेकांकडे बघू लागली. गादीवर बसवण्याआधी नव्या प्रमुखाला असंच कोंडतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मिस एन्योनामनाही ते आत्ता आठवलं. माती इकडे आली, तर लॉरी कुणाकडे गेली?

त्या उठेपर्यंत यायराचा खणखणीत आवाज सुरू झाला होता. "गादीवर बसण्याआधी तोग्बेंनी तीन वेळा पळ काढला. शेवटी त्यांच्या पायाला दोर बांधून, लॉरीत घालून त्यांना आणावं लागलं. वाटभर त्यांचा आरडाओरडा चालू होता."

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. तोग्बे त्सियामींच्या कानाशी वाकले. त्सियामींनी काठी आपटली. "तोग्बे विचारतात, पोरीला हे कुणी सांगितलं?"

"मी नाही हो!" हेही त्सियामीच ओरडले, पण आपल्या स्वतःच्या वतीने.

मिस एन्योनाम पुढे होऊन गुडघ्यावर बसल्या. "तोग्बे, मुलांची चूक नाही, माझी आहे. पंख्याने कार्डं उडाली आणि मी शहाणपणा केला. ती माहिती एलिकेमच्या बोकडाची आहे."

"बोकडाची?" तोग्बे रीतभात विसरून थेटच बोलले. "बोकडालाही लॉरी लागली?"

"फार हट्टी आहे, तोग्बे," एलिकेम म्हणाला. "मामाकडे पळून जातो."

तोग्बेंची दाढी थरथरू लागली. लोकांना वाटलं, राग. मग त्यांचं पोट हललं, छत्री हलली आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटले.

"मीही मामाकडेच पळायचो! तेवीस वर्षांचा होतो, मला ड्रायव्हर व्हायचं होतं. प्रमुखपद कुणाला हवं होतं? पण तीनदा नाही हं. दोनदा पळालो."

"तीनदा, तोग्बे," त्सियामी हळूच म्हणाले. "एकदा तुम्ही कोंबड्यांच्या खुराड्यात होतात. दोर मीच बांधला होता."

सगळा गाव खदखदला. तोग्बेंनी जाहीर केलं, की खरं चरित्र ते स्वतः सांगतील, दर शुक्रवारी, मिसच्या खोलीत बसून. "आम्ही दोघं असू. टेकून बसायला काही आहे ना तिथे?"

"आहे, आहे! खुर्च्या पाठवतो," हेडमास्तर घाईघाईने म्हणाले. "दोनच."

एवढ्यात बायकांच्या रांगेतून मामा अकपेने उठल्या. तोग्बेंच्या पत्नी. तिकडे मोठ्या बाईला मानाने 'मामा' म्हणतात.

"लग्नाच्या वेळी मला सांगितलं होतंत," त्या संथपणे म्हणाल्या, "की गावाने पाया पडून विनवण्या केल्या आणि मेण्यात बसवून तुम्हाला आणलं. सत्तेचाळीस वर्षं मी सगळ्यांना मेण्याचंच सांगत आलेय."

तोग्बेंनी घसा खाकरला. ते त्सियामींकडे वाकून बराच वेळ काहीतरी कुजबुजले आणि मोठ्या आशेने सावरून बसले.

त्सियामींनी एकदा मामा अकपेनेंकडे पाहिलं, एकदा तोग्बेंकडे पाहिलं आणि काठी हळूच शामियान्याच्या खांबाला टेकवून ठेवली.

"तोग्बे," ते म्हणाले, "एवढं मात्र तुमचं तुम्हीच सांगा."