टाकीपाशी येणारी रेंज

हिंजवडीच्या ज्या कंपनीत प्रज्ञेश नोकरीला होता, तिथे एका नव्या टचफोनसाठी प्रोग्रॅम लिहीत. फोन बाजारात येताच त्याने पहिला आणून वडिलांच्या, भीमरावांच्या हातात ठेवला. मेख एवढीच, की तो एकाच मोबाइल कंपनीच्या कार्डावर चाले. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय तेव्हा नव्हती. भीमरावांचा आठ वर्षांचा नंबर गेला. जुना फोन प्रज्ञेशने एक्स्चेंजमध्ये देऊनही टाकला.

नवा नंबर सगळ्यांना कळवून झाल्यावर भीमरावांच्या लक्षात आलं, की सदाशिव पेठेतल्या त्यांच्या तळमजल्यावर त्या कंपनीची रेंजच नाही. ती येई फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. पण पोराने एवढ्या हौसेने आणलेला फोन, सांगायचं कसं? प्रज्ञेश मित्रांबरोबर हिंजवडीत राही. रोज सातला त्याचा फोन यायचा, तेव्हा भीमराव चार जिने चढून हजर असत आणि धाप लपवत घरातूनच बोलतोय म्हणून सांगत.

त्या रविवारी भोसरीचे उत्तरेश्वर फोनवर निर्णय कळवणार होते. त्यांची मुलगी चैताली आणि प्रज्ञेश एकमेकांना पसंत होते. अडलं होतं उत्तरेश्वरांपाशी. कंपनीतल्या मुलांना घरच्यांकडे बघायला वेळ नसतो, असं त्यांचं मत.

प्रज्ञेश सुट्टीला घरी आलेला. टाकीचं पाणी बघतो, असं त्याला सांगून भीमराव आठलाच वर गेले. बायकोने, चंद्रभागाबाईंनी, मागून चहा पाठवला, मग पोहे. दहाला फोनची बॅटरीच संपली. खाली चार्ज करावा, तर रेंज नाही. शेवटी तिसऱ्या मजल्यावरून वायर ओढून घेईपर्यंत एक वाजला.

दोन वाजता उत्तरेश्वर स्वतःच आले. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन भीमराव टाकीला टेकून उभे होते.

"जय भीम. फोन लागेना तुमचा."

"जय भीम. बॅटरी संपली होती. खाली तर लागतच नाही हो. पण प्रज्ञेशला बोलू नका. हौसेने आणलाय त्याने."

पाण्याचा तांब्या घेऊन प्रज्ञेश मागेच उभा होता. खुर्ची सावलीत ओढून त्याने वडिलांना बसवलं आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. त्याचे कान लाल झाले होते.

उत्तरेश्वर बापलेकांकडे बघत राहिले.

"खरं सांगू? दहापासून नाही म्हणायलाच फोन करत होतो. अकरा वेळा केला."

"आणि आता?"

"आता 'नाही' तोंडातून निघेना. थांबा, चैतालीला कळवतो."

त्यांनी खिशातून आपला फोन काढला. त्यांची कंपनी वेगळी. तिला टाकीपाशी रेंज नव्हती, खाली होती. मग होकार कळवायला तिघेही तळमजल्यावर गेले.