कलम बावीसचं घड्याळ

आमच्या गावात पोलिसांनी कुणालाही आत टाकलं, की पाच मिनिटांत उकंडाजी गजराचं घड्याळ काखोटीला मारून ठाण्यासमोर हजर. लिंबाखाली पोतं अंथरायचं, घड्याळ पुढ्यात ठेवायचं आणि आत हाक मारायची, "सायब, किती वाजले पाहून ठेवा! चोवीस तास सुरू झाले!"

आतला चोर आहे की दारुडा, याची त्यांना फिकीर नव्हती. धंदा गॅसबत्त्या दुरुस्त करायचा. पण कोठडीत कुणी असलं की दुकानाला कुलूप. मग वराती अंधारात गेल्या तरी बेहत्तर.

छप्पन साली दीक्षा घेऊन आले, त्यानंतर कुठूनसं राज्यघटनेचं मराठी पुस्तक पैदा केलं. वाचायचं म्हणजे अक्षराला अक्षर जुळवत. म्हणून शाळा सुटली की स्वारी माझ्याकडे. मी पहिलं पान उघडावं, तर हे म्हणणार, "ते राहू द्या मास्तर, बावीस वाचा." धरलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलंच पाहिजे. शंभरदा वाचलं असेल मी! आणि दरवेळी हे मांडीवर थाप मारणार, "बाप्पा! म्हंजे सरकारच्या गळ्यातबी दावं हाय!"

'प्रवासाचा वेळ सोडून' हे शब्द मात्र त्यांना खुपायचे. मॅजिस्ट्रेट बसायचा दारव्ह्याला. उद्या फौजदार म्हणाला, रस्त्यातच दोन दिवस गेले, तर? म्हणून हा माणूस दारव्ह्याला एकदा पायी गेला, एकदा बैलगाडीनं, एकदा मोटारीनं, आणि भर पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून पुन्हा पायी. सगळे वेळ पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टिपलेले.

एकदा फजिती झाली. एक अनोळखी माणूस ठाण्यात जाताना दिसला आणि बाहेर येईना. उकंडाजी बसले. दुसऱ्या दिवशी वेळ भरताच दारात जाऊन गरजले, "त्याले दारव्ह्याले न्या!" तो निघाला हवालदाराचा साडू. पाहुणचाराला आलेला, आत बसून भजी खात होता. तरी उकंडाजींनी त्याला बाहेर बोलावून विचारलंच, "भाऊ, खुशीनं राह्यले ना?"

"कोन्त्या कायद्यानं?" हे त्यांचं पालुपद. मोटारीच्या कंडक्टरला तेच, पाटलाला तेच. एकदा मी वर्गात एका पोराला अंगठे धरायला लावले, तर खिडकीतून आवाज, "मास्तर, कोन्त्या कायद्यानं?" पोरं हसली, मी चिडलो. पण हे खूळ संसर्गजन्य होतं हो!

त्याच खुळापायी मी अडकलो. बाजाराचा दिवस, कुणी मंत्री गावावरून जायचे होते. नवा फौजदार भाजीवाल्या बायांच्या टोपल्या लाथेनं उडवत सुटला. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोन्त्या कायद्यानं?" पुढच्या क्षणी मानगूट धरलेली, आणि मी कोठडीत.

नोकरी कच्ची, घरी आई अंथरुणाला खिळलेली. वर कळलं तर नोकरी गेलीच म्हणून समजा. फौजदार हवालदाराला म्हणाला, "सडू दे चार दिवस. कोण विचारतंय?"

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "सायब, वाजले अडीच!"

खरं सांगतो, मी रडलो. ज्या माणसाची मी गावभर नक्कल करत फिरलो, तोच आला होता. शाळेतले सोबती रस्त्यानं गेले ते खाली माना घालून. उकंडाजी मात्र दर तासाला ओरडायचे, "मास्तर, पाच झाले! मी हाय!" "मास्तर, सहा झाले! मी हाय!"

दुसऱ्या दिवशी फौजदार त्यांच्या अंगावर धावून गेला. "तुझं घड्याळ पुढं आहे!"

"असंन सायब. दहा मिंटं सोडली तुमाले. पन अडीचच्या आत मास्तर दारव्ह्याच्या वाटेले लागले पायजेत. रस्त्याचा टाइम लिवून ठेवला हाय माह्याजवळ."

फौजदारानं शिव्या दिल्या, तरी बाराच्या मोटारीत मला बसवलंच. मागच्या बाकावर उकंडाजी, मांडीवर घड्याळ. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "गुन्हा काय?" फौजदार नुसताच घाम पुसत राहिला. मी सुटलो. नोकरीही वाचली.

परतीच्या मोटारीत मी म्हटलं, "पुस्तकात एवढी कलमं, तुम्ही बाविसालाच का धरून बसलात?"



"माहा लहाना भाऊ होता, गुलाब. इंग्रजाच्या राज्यात धरून नेला, कोनाची बकरी गेली म्हून. अकरा दिवस ठेवला."

"तेव्हाही तुम्ही ठाण्यासमोर बसला होतात?"

त्यांनी घड्याळाला चावी द्यायला घेतली.

"नाही ना मास्तर. मी घरात लपून होतो. मलेबी धरतीन म्हून भेलो. सुटून आला तवा अंगावरचा मार दाखवला नाही त्यानं. एवढंच इचारलं, 'दादा, बाहेर कोनीच नोयतं का रे?' पुढच्या पावसाळ्यात गेला."

मी नुसता त्यांचा हात धरला.

गाव आलं. ठाण्याशी उतरल्यावर त्यांनी सवयीनं आत डोकावून पाहिलं. कोठडी रिकामी होती. तरी ते लिंबाखाली जरा वेळ उभे राहिले, आणि मीही त्यांच्याजवळ उभा राहिलो.