जिना चढून उजवीकडे

नकाशा खात्यातल्या आरेखकाने नवं घर शोधायला घेतलं, तेव्हा बायकोने एकच अट घातली. "अहो, घर कसंही चालेल. फक्त बसमधून उतरल्यावर पळावं लागू नये."

ती राजधानीतल्या मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. दोघांचं घर तिथून सव्वादोन तासांवर, बस थांब्यापासून पुढे अर्धा किलोमीटर, आणि त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये एकही दिवा नाही. मागच्या महिन्यात दोन माणसं तिच्या मागे लागली होती. ती जीव मुठीत धरून पळाली, घरी पोचली आणि दाराला कडी लावून तिथेच खाली बसली. एक चप्पल रस्त्यात राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आरेखक ती शोधायला गेला, आणि एकटी चप्पल हातात घेऊन परत येताना त्याने मनाशी म्हटलं, आता बास.

ठरवणं सोपं होतं. पण ज्या घराचं भाडं परवडत होतं, तिथे राहणं परवडणारं नव्हतं. एका घराच्या दाराला कडीच नव्हती. "इथे चोर येतच नाहीत," मालक छातीठोकपणे म्हणाला. शेजारच्या दाराला तीन कुलपं होती. दुसऱ्या घराची न्हाणी शेजारच्या गाड्या रंगवण्याच्या दुकानाबरोबर सामाईक होती. तिथला एक कामगार आंघोळ करून बाहेर आला तो गेला होता त्याहून निळा. तिसरं घर कचरा डेपोला लागून होतं. "वास फक्त वारा असला तरच येतो," एजंट म्हणाला. "आणि वारा कधी असतो?" बायकोने विचारलं. एजंटने प्रामाणिकपणे विचार केला. "वारा काय, असतोच."

या एजंटच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट पाच मिनिटांवर होती, म्हणून दोघं घरात त्याला 'पाच मिनिटं' असंच म्हणत. एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"साहेब, घर नाही, लॉटरी आहे! मॅडमच्या हॉस्पिटलपासून चाळीस मिनिटं, भर वस्तीत, दारापर्यंत रस्त्यावर दिवे. दुसरा मजला, जिना चढून उजवीकडे. दार उघडंच असेल, बाहेर चपला दिसतील. आणखी दोन पार्ट्या येतायत, तेव्हा अकराच्या आत पोचा. मी पाच मिनिटांत आलोच."

पावणेअकराला दोघं त्या वस्तीत उतरली. इमारतीच्या पुढच्या फाटकाकडे जायला वळसा होता. "कशाला वळसा?" आरेखक म्हणाला. "या भागाचा नकाशा मीच काढलाय. मागच्या गल्लीतून सरळ वाट आहे." वाट होती. नकाशात एवढंच नव्हतं, की इमारतीला दोन जिने आहेत आणि मागच्या जिन्याने चढलं, की उजवीकडे येणारं दार अगदी वेगळंच असतं.

दुसऱ्या मजल्यावर उजवीकडचं दार उघडं होतं. बाहेर चपलाही होत्या. आत दोन बायका खुर्च्यांवर गप्प बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर साठीच्या पुढचे एक गृहस्थ, दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं.

"दोन पार्ट्या आधीच आल्यात," बायको कुजबुजली. "आणि तोंडं बघा त्यांची. घर आवडलेलं दिसतंय."

"या, बसा," गृहस्थ म्हणाले. "कुठून आलात?"

"मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते, काका," ती म्हणाली. नोकरी ऐकली की घरमालक जरा मऊ होतात, हा तिचा अनुभव होता.

काकांचा चेहरा खरंच मऊ झाला. "वाटलंच मला. परवाही तुमच्याकडच्या दोन नर्सबाई येऊन गेल्या."

नर्सेसपर्यंत बातमी पोचली म्हणजे ही जागा हातची जाणार. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं. नवरा खाकरून म्हणाला, "काका, कधीपासून रिकामं आहे?"

काकांनी खोलीभर नजर फिरवली. "आज अकरा दिवस झाले. पण वाटतं, अकरा वर्षं झाली."

"काळजी करू नका," आरेखक समजुतीने म्हणाला. "इतकी चांगली जागा फार दिवस रिकामी राहत नाही. बघा, महिन्याभरात कुणीतरी येईल."

खुर्चीवरच्या दोघींपैकी थोरलीने पदर तोंडाला लावला. "काहीतरीच काय बोलता! शोभतं का?"

ही प्रतिस्पर्ध्यांची खेळी आहे, हे आरेखकाने तेव्हाच ओळखलं. त्याने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. "आणि पाण्याचं कसं काय?"

"पाणी?" काकांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग ते खुर्चीत सरळ बसले. "सकाळी सहा ते सात. ती सगळं भरून ठेवायची. मला आता ते जमत नाही हो. नळ सोडतो आणि विसरतो. परवा स्वयंपाकघरभर तळं झालं होतं."

"गच्चीवर टाकी बसवली की प्रश्न मिटेल. आत बघितलं तर चालेल?"

"बघा ना. तिची खोली आतलीच."

आतल्या खोलीत एक पलंग होता, खिडकीशी छोटं टेबल आणि भिंतीला लागून पुस्तकांची फळी. आरेखकाने खिशातून मोजायची टेप काढली. तिचं टोक धरायला कुणी नव्हतं, बायको तर खिडकी उघडझाप करून बघत होती. काकांनीच पुढे होऊन टोक धरलं. दोघांनी मिळून भिंत मोजली. दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या दोन्ही बायका हे आ वासून बघत होत्या.

"हा पलंग काढून टाकला," खिडकीपाशी उभी असलेली बायको म्हणाली, "तर इथे आपलं कपाट आरामात बसेल."

काकांच्या हातातून टेपचं टोक सुटलं आणि सर्रकन आरेखकाच्या मुठीत जाऊन शिरलं.

"मलाही सकाळी तेच वाटलं होतं," काका हळूच म्हणाले. "की हा काढावा इथून. पण कुणाला सांगायचा धीर होत नव्हता."

एवढं ऐकून थोरली बाई तरातरा खाली गेली. धाकटी राखण करायला थांबली.

बायको टेबलाकडे वळली. टेबलावर घडी केलेला चष्मा होता, गोळ्यांच्या अर्धवट संपलेल्या तीन पट्ट्या होत्या आणि त्यांच्याखाली दाबून ठेवलेला एक रिपोर्ट. कागद तिच्या ओळखीचा होता. शिक्का तिच्याच लॅबचा होता. तारीख दोन आठवड्यांपूर्वीची होती, नाव एका बाईचं होतं, आकडे वाचून पुढे काय झालं असेल हे कळायला तिला डॉक्टरची गरज नव्हती, आणि खाली सही तिची स्वतःची होती.

रोज ती असे दोनशे कागद सही करून पुढे सरकवत असे. त्यातल्या एखाद्यामागे अशी खिडकी असते, असा पलंग असतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि त्या टेबलाशी उभं राहणं वेगळं.

"अहो," ती म्हणाली. "टेप ठेवा आत."

"थांब गं, उंची राहिलीय."

"ठेवा म्हणते ना!"

तेवढ्यात आरेखकाचा फोन वाजला. 'पाच मिनिटं' इतक्या मोठ्याने बोलत होता, की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "साहेब, आहात कुठे तुम्ही? मी मालकांबरोबर इथे घरात उभा आहे! दुसऱ्या पार्टीने आत्ता ॲडव्हान्स दिला. गेलं घर!"

आरेखकाने फोन बंद केला. मग त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या चष्म्याकडे पाहिलं, आणि महिन्याभरात कुणीतरी येईल असं आपण कुणाला म्हणालो ते त्याला एकदम आठवलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

हे कमी होतं म्हणून की काय, थोरली बाई इमारतीच्या सेक्रेटरीला घेऊन वर आली. सेक्रेटरी धापा टाकत होता. "काका, हे काय ऐकतोय मी? काकूंना जाऊन दोन आठवडे नाहीत आणि तुम्ही जागा विकायला काढली? आणि विकणार कशी? जागा शाळेची आहे! काकूंच्या नोकरीवर मिळालेली!"

"विकत नाहीये," काका म्हणाले.

"मग ही माणसं मोजमाप कसलं घेतायत?"

"चूक आमची आहे," बायको पुढे झाली. "आम्ही भाड्याचं घर बघायला आलो होतो. दार चुकलं. काका, आम्हाला खरंच माहीत नव्हतं. आम्हाला माफ करा."

काका तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे तुम्ही मला भेटायला आला नव्हता?"

"नाही, काका."

"कुठल्या जिन्याने आलात?"

"मागच्या," आरेखक म्हणाला, आणि त्याने नकाशाविषयी अवाक्षर काढलं नाही.

"तीस वर्षं टपाल वाटलंय मी," काका म्हणाले. "या इमारतीत उजवीकडची पत्रं कायम डावीकडे जातात." आणि ते हसले. हसू फार वेळ टिकलं नाही, मध्येच त्याचं दुसरंच काहीतरी झालं आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले. "अकरा दिवस येणारा प्रत्येक जण मला म्हणतोय, धीर धरा. पाण्याचं कुणी विचारलं नव्हतं."

सेक्रेटरीने घसा साफ केला. थोरली बाई चहा टाकायला आत गेली. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

चहा पिता पिता कळलं, की शाळेने जागा महिनाअखेर रिकामी मागितली होती. मुलगी परदेशात होती, ती ये म्हणत होती, पण काकांना जायचं नव्हतं. "मलाही घर शोधायचंय," ते म्हणाले. "पण घर कसं बघतात, ते मला ठाऊक नाही. असलं सगळं तीच बघायची, तुमची काकू. काय काय विचारायचं असतं?"

बायकोने कप खाली ठेवला. त्या कागदावरची सही आपली आहे हे सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी आमच्याबरोबर या."

काका आले, दाढी करून. 'पाच मिनिटं'ने त्या दिवशी तीन घरं दाखवली. पहिल्या दोन ठिकाणी दोघांना भाडं झेपणारं नव्हतं, आणि काकांना तर मालकांनी उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. एकट्या माणसाला, तेही या वयात, घर द्यायला कुणी तयार नव्हतं. "उद्या काही झालं तर आम्ही कुणाला कळवायचं?" एका मालकाने त्यांना तोंडावर विचारलं. काकांनी खरोखर आठवून बघितलं; परदेशातल्या मुलीखेरीज नाव सापडलं नाही.

तिसरं घर मोठ्या रस्त्यावर होतं. खाली औषधांचं दुकान, समोर बसथांबा, दर वीस पावलांवर दिवा. तीन खोल्या होत्या, त्यातली एक अगदी छोटी. दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं ते. बायकोने नुसतं आपलं बघून घेतलं, दुकानातली वस्तू हात लावून परत ठेवावी तसं. मालकीणबाई घाईत होत्या. त्यांनी दारातच विचारलं, "किती माणसं?"

"दोघं," आरेखक म्हणाला.

"एक," काका म्हणाले. दोघं एकदमच बोलले.

"म्हणजे तीन. बरं." मालकीणबाई चावी फिरवत आत शिरल्या. "वडील आहेत ना सोबत? मग हरकत नाही. घरात मोठं माणूस असलेलं बरं."

आरेखकाने बायकोकडे पाहिलं. बायकोने काकांकडे पाहिलं. काका आपल्या बुटांकडे बघत होते. 'पाच मिनिटं'ने तोंड उघडलं होतं, पण बायकोचा चेहरा बघून त्याने ते तसंच मिटलं. मालकीणबाईंची बेरीज कुणीच दुरुस्त केली नाही.

छोट्या खोलीची खिडकी रस्त्याकडे उघडत होती. काका तिथे जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. बराच वेळ झाला तरी ते वळेनात, तशा मालकीणबाई ओशाळून म्हणाल्या, "आधीच सांगते, या खोलीत गाड्यांचा आवाज फार येतो. नंतर तक्रार नको."

"येऊ दे," काका न वळता म्हणाले. "आवाज असलेला बरा."