मोकळ्या गटाचा कप

लाकडाची गाडी उतारावरून खाली कशी सोडावी, हे बहारीनमध्ये माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. हे मी म्हणत नाही. म्हणजे मीच म्हणतो, पण इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक बैठकीत म्हणतो आणि आजवर कुणी खोडून काढलेलं नाही!

तुम्हाला पाइनवुड डर्बी ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो. खोक्यात पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा येतो, चार प्लास्टिकची चाकं आणि आसांच्या जागी चार खिळे. ठोकळा तासून गाडी करायची, खिळ्यांत चाकं ओवून ती पोटाशी ठोकायची आणि उतारावरून सोडून द्यायची. इंजिन नाही, बॅटरी नाही. वजन पाच औंसांच्या वर नको. हे वेड मूळचं अमेरिकनांचं. जुफैरला आमचा शेजारी लेस्ली एका हॉटेलच्या मेंटेनन्समध्ये आहे. तिथे त्यानं एकदा ही शर्यत पाहिली आणि गणपतीच्या मीटिंगमध्ये तो तिचं पिल्लू सोडून मोकळा झाला. लेस्ली वसईचा. पिल्लं सोडण्यात पटाईत.

मंडळानं तीन गट केले. मुलांच्या गटात सगळं खोक्यातलं, जसंच्या तसं, आणि मोठ्यांचा हात लागायचा नाही. घरगुती गटात चाकं खोक्यातलीच, पण ती घासूनपुसून गुळगुळीत केली तरी चालतील आणि घरातल्या कुणीही केली तरी चालतील. आणि मोकळा गट. तिथे चाकं कुठलीही, कुठूनही आणलेली. अट एकच: गाडी स्पर्धकानं स्वतःच्या हातानं सेट केलेली असावी.

मी एसीच्या डक्टचा डिझाईन इंजिनिअर. मी ठरवलं की तिन्ही गटांतले तिन्ही कप जुफैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये यायला हवेत. मोकळ्या गटात मी, घरगुती गटात बायको हेमा आणि मुलांच्या गटात आमची आर्या. हेमाला यातलं काही करायचं नव्हतं, पण तिच्या नावानं मी अर्जही भरला आणि चाकंही घासली. माझ्या गाडीसाठी अमेरिकेहून पापडासारखी पातळ चाकं मागवली.

राहिली आर्या. वय वर्षं नऊ, समजतं सगळं मराठी, बोलते इंग्रजी. तिनं ठोकळ्याचा मासा केला. साधा मासा नव्हे, चांगला फुगलेला, डोळे वटारलेला, इथल्या बाजारात मिळतो तसा हामूर. मी म्हटलं, बाळा, याला वारा अडेल, जरा नाक निमुळतं करू या. तिनं मासा पाठीमागे लपवला.

"बाबा, डोन्ट टच. तू टच केलंस तर ती माझी कार नाही राहणार."

मी तिला वचन दिलं. पुढे एकदा रंधा घेऊन मी तिच्या टेबलाच्या आसपास सहज फिरत होतो, तेव्हा हेमानं मला पकडलं आणि ते वचन पुन्हा आर्यासमोर द्यायला लावलं. आर्याला कप नको होता. शर्यतीआधी टेबलावर परीक्षक मुलांना विचारतात, गाडी स्वतः केलीस का? त्याला तिला मान वर करून हो म्हणायचं होतं. एवढं एकच तिचं म्हणणं.

शर्यत शुक्रवारी होती आणि गुरुवारी दसरा. इथे दसऱ्याला सुट्टी कुठली! मी ऑफिसला गेलो. जाण्यापूर्वी तिन्ही गाड्यांच्या चाकांत ग्राफाइटची पूड घातली होती. ही काळी पूड चाकाच्या भोकात नीट मुरली की चाक फिरतच राहतं. आर्यानं तिच्या माशाला स्वतः घातली होती, नाकापर्यंत काळी होऊन.

घरी होत्या सासूबाई. व्हिजिट व्हिसावर संगमनेरहून आलेल्या, आणि येताना बॅगेत आपट्याची पानं घेऊन आलेल्या. संध्याकाळी मी परतलो तर हॉलमध्ये पूजा मांडलेली. पाटावर माझा लॅपटॉप, हेमाचा मिक्सर, मोटारीची किल्ली, आर्याचा कंपासबॉक्स आणि ओळीनं तिन्ही गाड्या. प्रत्येकीला हळदकुंकू, पुढ्यात लिंबू, डोक्यावर आपट्याचं पान. चाकं शेवंतीत पार बुडाली होती. मला भरून आलं! मी माझी गाडी जरा फिरवून बघायला उचलणार, तोच सासूबाई म्हणाल्या, सदानंदराव, पूजेतलं सकाळपर्यंत हलवायचं नसतं. मी हात जोडले. सकाळी गाड्या पाटावरून थेट खोक्यात गेल्या आणि खोकं थेट अदलियातल्या शर्यतीच्या हॉलमध्ये.

तपासणीच्या टेबलावर नाझिशबाई होत्या. मूळच्या हैदराबादच्या, इथल्या एका बँकेत ऑडिटर. मंडळानं त्यांना मुद्दाम बाहेरून बोलावलं होतं, कारण मंडळात कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. चाकांची जाडी मोजायला त्यांच्या हातात वर्नियर कॅलिपर होता. तो माझाच. तपासणी कडक व्हावी म्हणून मीच आग्रहानं दिलेला.

आर्यानं मासा पुढे केला. हामुराच्या कपाळावर कुंकू तसंच होतं. नाझिशबाई हसल्या, म्हणाल्या, बड़ी प्यारी है. मग त्यांनी कॅलिपर लावला आणि त्यांचं हसू गेलं. एक चाक खोक्यातलं, जसंच्या तसं. दोन घासलेली. आणि चौथं पापडासारखं पातळ.

"ये बच्चों की गाड़ी तो नहीं है," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आर्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

मीही चाकांकडे बघितलं. तिथे माझं चाक होतं यात शंका नव्हती. मासा सोडून मी माझी गाडी खोक्यातून काढली. तिला दोन पातळ चाकं आणि दोन खोक्यातली जाड. हेमाच्या गाडीचीही तीच कथा. तिन्ही गाड्यांची चाकं भेळेसारखी कालवली गेली होती!

रांगेत कुजबुज सुरू झाली. लेस्ली माझ्या मागेच उभा. कानाशी येऊन म्हणाला, सदा, पोरीच्या गाडीला तरी सोडायचं होतंस. मी नाही म्हणेपर्यंत ते पुढच्या चार जणांना पटलंही होतं. इतक्या बैठकींत माझं एकही म्हणणं इतक्या पटकन कुणाला पटलं नव्हतं.

पण ते सगळं परवडलं असतं. आर्या माझ्याकडे बघत होती. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती.

"यू प्रॉमिस्ड," ती म्हणाली. "दोनदा."

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण निर्दोष होतो आणि ते माझ्या मुलीला पटावं असं माझ्याकडे काहीही नव्हतं. वर रंधा घेऊन फिरताना मी एकदा पकडला गेलेलो.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासूबाई उठून आल्या. खोळंबा कशाचा झालाय, त्यांना बघायचं होतं. मी त्यांना चाकं दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती निरखली आणि समाधानानं मान हलवली.

"छान निघाली हो. इतकी काळीकुट्ट झाली होती चाकं! म्हटलं, मळक्या गाडीला कुंकू कसं लावायचं? सांडशीनं खिळे उपटले, सगळी चाकं चाळणीत घालून भांड्यांच्या साबणानं खळखळून धुतली, उन्हात वाळवली आणि बत्त्यानं हलकेच पुन्हा ठोकून दिली. तुम्ही मंडळी शिकलेली, पण साधी चाकं पुसायचं कुणाच्या डोक्यात येत नाही."

ग्राफाइट गेलं, चाकं मिसळली, खिळे वाकले. हे सगळं भक्तिभावानं झालं होतं, त्यामुळे कुणावर रागावायचीही सोय नव्हती. लेस्लीनं तोंडावर रुमाल धरला. हेमानं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पंख्याकडे बघायला सुरुवात केली. नाझिशबाईंना मी हे हिंदीत समजावून सांगितलं. दसरा, अवजारं, वाहनं, चाळणी. त्यांनी माशाची चाकं पुन्हा एकदा मोजली. ऑडिटमध्ये त्यांनी बरीच कारणं ऐकली असतील, पण चाळणीचं नसावं.

शेवटी त्या म्हणाल्या की गाडीला सील लागेपर्यंत चाकं बदलता येतील. मी बाह्या सरसावल्या. त्यांनी कॅलिपर माझ्या बोटांवर टेकवला.

"आप नहीं. आप हाथ पीछे रखिए. बच्ची करेगी."

माझ्याबद्दलचा संशय काही फिटला नव्हता! आर्यानं लेस्लीकडून पक्कड मागून घेतली. सासूबाईंना आपली चूक एव्हाना कळली होती. त्या नातीशेजारी बसल्या आणि तिनं काढलेला एकेक खिळा पदरात धरू लागल्या. आर्यानं सगळी चाकं टेबलावर पसरली. पातळ चाकं दिसतच होती. घासलेली आणि न घासलेली मात्र धुतल्यावर सारखीच दिसत होती. ती एकेका चाकावरून नख फिरवत गेली. ज्यावर नख अडलं ते तिचं, ज्यावरून घसरलं ते आईचं. मी पाठीमागे हात बांधून उभा होतो. तीनदा सल्ला तोंडापर्यंत आला आणि तीनदा मी तो गिळला. याची नोंद कुणीही घेतली नाही.

तिनं आधी स्वतःच्या माशाला चाकं लावली. मग, नाझिशबाई रांगेतल्या बाकीच्या गाड्या तपासत असताना, आईच्या गाडीला आणि शेवटी, माझे हात अजून पाठीमागेच असल्यामुळे, माझ्याही. तोवर आमचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं गेलं होतं. लेस्लीकडचं ग्राफाइट चिमूट-चिमूट सगळ्यांना घातलं आणि सील लागलं.

"बेटा, गाड़ी ख़ुद बनाई?" नाझिशबाईंनी आर्याला विचारलं.

"हां जी," ती म्हणाली. "दोनदा बनाई."

हामूर उतारावरून डुलत डुलत निघाला. बाकीची मुलं शेवटाला पोचून आरडाओरडा करत होती, तेव्हा तो निम्म्यावर होता. मधेच एकदा तो थांबलासा वाटला. पण तो आला. शेवटचा आला, रेषेवर नाक टेकवून उभा राहिला. आर्यानं त्याला उचललं आणि ती धावत माझ्याकडे आली. म्हणाली, बाबा, पोचला! आणि माझ्या कमरेला मिठी मारली. मासा माझ्या बरगडीत रुतला. हेमाची गाडी घरगुती गटात दुसरी आली आणि हेमा ते मला अजून विसरू देत नाही.

मग मोकळा गट. चार गाड्या: माझी, लेस्लीची, निहार नावाच्या आमच्या खजिनदाराची आणि गौरवची. गौरव म्हणजे बुसैतीनला मित्रांबरोबर राहणारा, मंडळात नवा आलेला, बिनलग्नाचा पोरगा. तासायला हत्यार नाही म्हणून त्यानं नुसत्या ठोकळ्यालाच चाकं ठोकून आणली होती. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघून त्याला माफ केलं.

माझी गाडी ठेवताना लक्षात आलं की पुढचं एक चाक खाली टेकतच नव्हतं. आर्यानं तो खिळा जरा वर ठोकला होता. आता खरं सांगायचं तर हीच वरच्या दर्जाची युक्ती असते. एक चाक अधांतरी ठेवलं की घर्षण कमी होतं आणि गाडी जास्त पळते. मी कितीदा प्रयत्न केला होता, पण ते जमलं नव्हतं. गाडी सुटली आणि बाणासारखी गेली! लेस्ली दुसरा, निहार तिसरा. गौरवचा ठोकळा वाटेत आहे एवढंच कळत होतं.

कप माझा! मी स्टेजवर गेलो, फोटोसाठी पोट आत घेतलं. नाझिशबाईंनी कप उचलला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "गाड़ी आपने ख़ुद सेट की?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. समोर आर्या बसली होती, मांडीवर मासा. ती नुसती बघत होती. तिच्या त्या बघण्यापुढे मला हो म्हणता येईना.

"नहीं," मी म्हणालो. "चाकं... पहिये बेटीने लगाए."

टाळ्या पडल्या, आर्या हसली, आणि कप माझ्या हातून गेला. लेस्ली स्टेजवर आला. त्याला तोच प्रश्न. तो हो म्हणणार, तर पहिल्या रांगेत त्याची मुलगी शर्ली आर्याला चिकटून बसलेली, हाताची घडी घालून. लेस्लीनं खाली बघितलं. म्हणाला, हॉटेलच्या सुतारानं केली. मग निहार. त्याचा मुलगा आधीच उभा राहिला होता. निहार माइकजवळही न जाता सांगून मोकळा झाला की गाडी तयारच मागवली होती.

राहिला गौरव. त्याला पोरंबाळं नव्हती, त्यामुळे त्याच्याकडे कुणी रोखून बघत नव्हतं. नाझिशबाईंनी विचारलं, तो बिचकत हो म्हणाला, आणि मोकळ्या गटाचा कप त्याला मिळाला.

फोटो झाल्यावर तो कप काखेत धरून माझ्याजवळ आला. मंडळात नवा असल्यामुळे त्याला मी मोठा जाणकार वाटत होतो.

"सर," त्यानं हळूच विचारलं, "गाडी सेट करायची म्हणजे नक्की काय करायचं असतं?"

मी घसा साफ केला, चष्मा पुसला आणि म्हणालो, "आर्याला विचार."