भिंत राहिली, वाळू गेली

मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात धुळ्याचे निवृत्त मामलेदार केशवराव ठोसर पाचोऱ्याला आगगाडीतून उतरले आणि टांग्याने भडगावला आले. प्रकाशचंद शेठच्या आरोग्यभुवनात त्यांनी पगडी खुंटीला लावली, धोतर गुडघ्यापर्यंत खोचले आणि दुखरे पाय वाळूत पुरून घ्यायला ते गिरणेच्या काठावर गेले. तिथे वाळू नव्हती.

मागच्या वर्षी ओट्यापासून पाण्यापर्यंत चांगली शंभर पावले वाळू होती. या वर्षी ओट्याला लागून काळ्या दगडाची उंच भिंत होती, भिंतीतून खाली उतरणाऱ्या अरुंद पायऱ्या होत्या आणि शेवटच्या पायरीशी काळेशार पाणी होते. ठोसरांनी काठी पाण्यात घातली. मूठ पाण्याला टेकली तरी तळ लागेना.

"भिकुबाई," ते म्हणाले, "हे काय आहे?"

"भित शे, रावसाहेब," मागे फावडे घेऊन उभी असलेली भिकुबाई म्हणाली.

"ती दिसते आहे. वाळू कुठे आहे?"

"ते शेठले इचारा."

गेली सहा वर्षे आरोग्यभुवनात येणाऱ्या पाहुण्यांचे पाय पुरण्याचे काम भिकुबाईचे होते. जळगावचे, धुळ्याचे, कुठले कुठले पेन्शनर संधिवात घेऊन यायचे. भिकुबाई सकाळी काठावरून फिरायची, हातात वाळू घेऊन चाळायची. ही गाळाची, ही खड्याची, ही बरी. उन्हाने तापलेली बरी वाळू ती पायांवर अशी थापायची की म्हातारी माणसे बसल्या जागी डुलक्या घ्यायची. दुपारनंतर ती भिंतीच्या खालच्या अंगाला, नदीच्या वाळूतल्या आपल्या टरबुजाच्या वाडीवर जायची. तिथे तिचा नवरा झिपरू असायचा. झिपरू फारसा बोलत नसे. त्याच्या वाट्याचेही भिकुबाईच बोलते, असे गावात म्हणत.

भिंतीची गोष्ट मागच्या वर्षीच्या पुरात सुरू झाली होती. पुराने ओट्याचा कोपरा आणि धापूबाई शेठाणींचे तुळशीवृंदावन नेले. धापूबाईंनी दोन दिवस अन्न घेतले नाही. तिसऱ्या दिवशी शेठनी जळगावहून एक ओव्हरसियर आणला. त्याने फीत टाकली, नकाशा काढला आणि सरळ उभी भिंत सांगितली. उन्हाळ्यात पाया खणायला लागले तेव्हा भिकुबाई शेठकडे गेली होती.

"शेठ, पानीले पाय पसराले जागा लागस. आते पूर येस, रेतीवर पसरस, दमस, आन जाता जाता रेती टाकी जास. तुम्ही उभी भित घालशात ते पानी भितवर डोकं आपटी आन खाले खंदी."

शेठ मनाने वाईट नव्हते. कपाशीच्या धंद्यात त्यांचा शब्द खरा मानत. पण नकाशा निळ्या कागदावर होता आणि भिकुबाईच्या हातात फावडे होते. "भिकुबाई, तू वाळू बघ. दगड मी बघतो," ते म्हणाले.

पावसाळा गेला. भिंतीचा एक खडा हलला नाही. शेठनी येणाऱ्याजाणाऱ्याला भिंत दाखवली. पाणी ओसरले तेव्हा मात्र भिंतीपुढची सगळी वाळू खरवडून गेली होती आणि जिथे भिंत संपत होती तिथला काठ पुराने असा कुरतडला होता की भिकुबाईची निम्मी वाडी त्यात गेली.

ठोसरांनी आता शेठना गाठले. "शेठजी, माझे दोन मित्र सोमवारी येताहेत. एक निवृत्त हेडमास्तर, एक निवृत्त पोस्टमास्तर. मी दोघांनाही चार चार पानांचे पत्र लिहिले आहे. पत्रात वाळू आहे."

ठोसरांच्या पत्रांची सगळ्या जिल्ह्याला धास्ती होती. ते रोज सकाळी दोन आणि संध्याकाळी तीन पत्रे लिहीत, आणि एकदा लिहिलेले खरे करून दाखवल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे.

"वाळूचं काय घेऊन बसलात, रावसाहेब," शेठ म्हणाले. "नदीत वाळूला काय तोटा? आणवतो."

दुसऱ्या दिवशी धनसिंग गाडीवानाच्या दहा बैलगाड्या वाळू भरायला निघाल्या. सगळ्यात जवळची, सगळ्यात स्वच्छ वाळू होती ती भिकुबाईच्या उरलेल्या वाडीत. तिने नुकतेच आळ्यांमध्ये शेणखत घालून बी टोचले होते. ती आरोग्यभुवनातून धावत गेली तोवर सहा गाड्या भरून झाल्या होत्या.

"धनसिंगभाऊ, मन्हा बीसकट रेती उचली राह्यना तू."

धनसिंग ओशाळला. "शेठनी सांगितलं, अक्का. नदीची वाळू सरकारची, असं म्हणाले."

भिकुबाईने खाली बसून एका गाडीच्या साट्यातून चार बिया वेचल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि झिपरूकडे पाहिले. झिपरूने नदीच्या पलीकडे बोट केले. पलीकडे, थोडे खालच्या अंगाला, जिथे नदी वळते तिथे, पावसाळ्याआधी नुसता खडक होता. आता तिथे पांढरी स्वच्छ वाळू उन्हात चमकत होती. भिंतीने हाकललेली वाळू पाण्याने नेऊन तिथे टाकली होती.

"बठ्ठी तथी जाई बठनी," झिपरू म्हणाला. त्या आठवड्यातले त्याचे ते सर्वांत मोठे भाषण होते.

पाटलाला विचारून दोघांनी पलीकडे नवी आळी खणली. सकाळी भिकुबाई अलीकडे पाहुण्यांचे पाय पुरी, आणि दुपारी वाळलेल्या भोपळ्यांच्या सांगडीवर बसून पलीकडे जाई. झिपरू सांगड ढकलत पोहत असे.

इकडे दहा गाड्या वाळू भिंतीच्या पायथ्याशी ओतली. सकाळी ती अर्धी झाली होती. शेठनी आणखी दहा गाड्या ओतल्या आणि पुढे बांबूच्या तट्ट्या ठोकून घेतल्या. तट्ट्या राहिल्या, वाळू त्यांच्या खालून गेली. शेठनी ओव्हरसियरला तार केली. उत्तर आले, भिंत आणखी लांबवा. धापूबाईंनी ती तार सुनेकडून वाचून घेतली, स्वयंपाकघरात गेल्या आणि भाकरी थापता थापता भिकुबाईला म्हणाल्या, "माझी तुळस गेली ती एकदा गेली. यांची वाळू रोज जाते."

सोमवारी हेडमास्तर आणि पोस्टमास्तर येणार म्हणून शेठनी पहाटेच पंधरा गाड्या ओतल्या. चांगली उंच, सपाट बैठक झाली. तिच्यावर शेवटच्या पायरीलगत गादी टाकली. ठोसर गादीवर बसले, पाय गुडघ्यापर्यंत वाळूत पुरून घेतले आणि मांडीवर पाटी ठेवून पत्र लिहायला लागले. पाहुण्यांचे टांगे दिसताच वाळूतूनच त्यांचे स्वागत करायचे, असा त्यांचा बेत होता.

भिकुबाईने वाळूला हात लावला. "रावसाहेब, आज इथं नका बसू. खालथून ओली लागी राह्यनी."

"शेवटचा परिच्छेद राहिला आहे," ठोसर म्हणाले.

त्याच सकाळी वरच्या बंधाऱ्याची दारे उघडली होती. पाणी फार वाढले नाही, वीतभरच वाढले. पण ते भिंतीवर आपटून फिरले आणि बैठकीच्या बुडाशी शिरले. ठोसरांना आधी गार वाटले. मग आपण लिहिता लिहिता शेठच्या ओट्यापासून दूर चाललो आहोत, असे त्यांच्या लक्षात आले. ठोसर जागचे हलले नव्हते. जागाच हलली होती. गादी, पाटी, पत्र आणि निवृत्त मामलेदार असे सगळे मिळून शांतपणे गिरणेच्या धारेला लागले.

"शेठजी," ठोसर म्हणाले, "मी निघालो."

शेठ भिंतीवरून नुसते बघत राहिले. भिकुबाईने मात्र फावडे टाकले, काठाने पळत पलीकडे हाक घातली, "पुनाना बाप, रावसाहेब उनात, धरा." पुना हा त्यांचा मुलगा जामनेरकडे नोकरीला होता, पण नवऱ्याला हाक मारायला त्याचेच नाव कामी येई. झिपरूने सांगड पाण्यात लोटली. गादीला धरून आलेल्या ठोसरांना त्याने वळणावर गाठले आणि पलीकडच्या उथळ पाण्यात आणून सोडले. काठी वाहून गेली होती. ठोसर उठले. भीतीने म्हणा, थंडीने म्हणा, गुडघाभर पाण्यातून ते तीस पावले कोणाच्या आधाराशिवाय चालत कोरड्या वाळूवर आले, आणि मगच त्यांना आठवले की आपल्याला काठीशिवाय चालता येत नाही.

झिपरूने सांगड परत नेऊन भिकुबाईला पलीकडे आणले. ठोसर कुडकुडत होते. तिने उन्हात तापलेली वाळू दोन्ही हातांनी ओढली आणि त्यांना छातीपर्यंत पुरले. थोड्या वेळाने ठोसरांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"भिकुबाई, ही वाळू कुठली?"

"तुमनी मांगला सालनीच शे, रावसाहेब. भितनी हाकली दिन्ही, इथं ऱ्हावाले उनी."

पलीकडून शेठची हाक आली. "रावसाहेब, परत या. नाश्ता तयार आहे."

"इकडे पाठवा," ठोसरांनी सांगितले.

नाश्ता सांगडीवरून आला. मग दुपारचे जेवण आले. हेडमास्तर आणि पोस्टमास्तर ओट्यावर उतरले, त्यांनी भिंत पाहिली, पाणी पाहिले, पलीकडे वाळूतून वर आलेले आपल्या मित्राचे डोके पाहिले, आणि धोतरे खोचून तेही सांगडीवर बसले. चौथ्या दिवशी धापूबाई परात, चूल आणि तुळशीचे रोप घेऊन पलीकडे गेल्या. "पाहुणे जिथे, स्वयंपाक तिथे," एवढेच त्या शेठना म्हणाल्या. भिकुबाईने बाभळीच्या मेढी रोवून मांडव घातला. पंधरा दिवसांत मांडवाखाली अकरा पेन्शनर पुरलेले होते.

अलीकडे, खडाही न हललेल्या भिंतीआड, शेठ एकटे बसून होते. सोळाव्या दिवशी तेही सांगडीवर बसून आले. आल्या आल्या वाळूत बसले.

"भिकुबाई," ते म्हणाले, "भिंत काढली तर घर जाईल. ठेवली तर वाळू जाते. तू सांग."

भिकुबाईने त्यांच्यापुढची वाळू हाताने सारखी केली आणि बोटाने रेघ ओढली. "ओटा मांगे सरकाडा. भित पाडा, पन दगड फेकू नका. उतारवर आडवा लावा, ढोर पानीवर उतरी असा. मधमा वाळुंज लावा, लव्हाळा लावा. पानी येई, चढी, दमी, आन उतरी जाई."

"आणि ओव्हरसियर?"

"त्यासले तार करा. भित लांबाडी दिन्ही म्हना. आडवी."

शेठ हसले. त्या वर्षात ते पहिल्यांदा हसत होते.

उन्हाळाभर काम चालले. भिकुबाई कंबरेला पदर खोचून काठावर उभी राही आणि गवंड्यांना एकेक दगड दाखवी. पुढचा पूर मोठा आला. तो उतारावर चढला, वाळुंजांच्या रोपांत शिरला, ओट्याच्या अलीकडे दहा हातांवर थांबला आणि गेला. जाताना त्याने चाळीस पावले वाळू टाकली. दसऱ्याला शेठनी भिकुबाईला सोन्याबरोबर लुगडे दिले आणि उतारावरचा सगळा काठ तिच्या वाडीसाठी कायमचा सोडला, पाटलासमोर.

ठोसरांनी अर्थात हे सगळे लिहिले. सतरा जणांना लिहिले. त्यांतले एक पत्र धुळ्याला पांझरेच्या काठी नवा बंगला बांधलेल्या एका वकिलांना गेले. ते तेव्हा नदीच्या बाजूने भिंत घालायच्या विचारात होते. गवंडी आले होते, दगड येऊन पडला होता. पत्रात 'भडगावचे भिकु, नदीच्या कामातले तज्ज्ञ' असा उल्लेख होता. ठोसरांचे अक्षर वाईट होते, नावाचा उरलेला भाग शाईत बुडाला होता. वकिलांनी आपली मोटार भडगावला पाठवली.

मोटार धुळ्याला बंगल्यापुढे थांबली. वकील कोट घालून, हार घेऊन फाटकात उभे होते. मागचे दार उघडले आणि शेठनी दिलेल्या हिरव्या लुगड्यातली भिकुबाई हातात फावडे घेऊन उतरली. वकिलांनी तिच्या खांद्यावरून मोटारीत पाहिले. मोटारीत आणखी कोणी नव्हते.

"बाई," त्यांनी विचारले, "साहेब कुठे आहेत?"

"साहेब वाडीवर शेतस, टरबुजं राखतस," भिकुबाई म्हणाली. "कोठे बांधनी शे भित, ते दखाडा."

वकिलांनी दाखवले. भिकुबाई काठावर गेली, मूठभर वाळू उचलून तिने चाळली, पाण्याकडे पाहिले, वळणाकडे पाहिले आणि फावड्याने उताराची एक लांब रेघ ओढली. दुपारी जेवणाआधीच गवंड्यांनी पायाची दोरी गुंडाळली. वकील अजून हार हातात घेऊनच उभे होते. तो त्यांनी भिकुबाईच्या गळ्यात घातला, आणि उन्हाचे म्हणून तिच्या डोक्यावर स्वतः छत्री धरून ती पुढची रेघ कुठे ओढते ते बघत तिच्या मागून चालू लागले.