ओरिजिनल उघडीच आहे!

कॉम्प्युटरच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! सासरी तर या विषयात माझा शब्द शेवटचा. मागे एकदा सासऱ्यांचा प्रिंटर मी नुसती वायर काढून परत लावून चालू केला, तेव्हापासून तिथे मला इंजिनिअर समजतात. मीही कोणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही.

तर सासऱ्यांच्या निवृत्तीच्या जेवणाला कोणी कुठल्या टेबलावर बसायचं, हे ठरवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. अडचण एकच होती, थोरले काका आणि धाकटे काका! सासऱ्यांचे हे दोघे भाऊ एका शिडीवरून भांडले होते. एकाने नेली, दुसऱ्याने चारचौघांत परत मागितली, आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी चकार शब्द काढलेला नाही.

"बाबांना त्या दिवशी सुखाने दोन घास खाता आले पाहिजेत," बायको म्हणाली. "हे दोघे शेजारी आले ना, तर ताटं उडतील!"

"तू निर्धास्त राहा गं!"

मी स्प्रेडशीटमध्ये वयाप्रमाणे सगळ्यांची नावं लिहिली. तेवढ्यात हॉलच्या मॅनेजरचा फोन.

"साहेब, आमचं पाट्या छापायचं मशीन फक्त साधी फाईल वाचतं. नुसता मजकूर. नावं तेवढी पाठवून द्या."

"कॉपी पाठव," आतून बायको ओरडली, "पण ओरिजिनल उघडी ठेव! अजून बदल करायचेत!"

मी 'सेव्ह अ‍ॅज' दाबलं, साधा प्रकार निवडला, फाईल रवाना केली. समोर ओरिजिनल तशीच उघडी. मग बसलो रंगवायला! टेबलाचे नंबर वगैरे लिहिणं मला बाळबोध वाटतं. प्रत्येक टेबलाला एक रंग! थोरले काका लाल, म्हणजे दाराजवळ. धाकटे निळे, म्हणजे पार खिडकीशी. बायकोने आत्याला तीनदा हिरव्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून हिरव्यात नेलं. सेव्ह करताना दर वेळी कॉम्प्युटर विचारायचा, या प्रकारात काही गोष्टी टिकणार नाहीत, चालेल का? चालेल! त्याचा स्वभावच भित्रा, आपण किती लक्ष द्यायचं?

जेवणाच्या दिवशी मॅनेजरला रंग दाखवायला मी लॅपटॉप उघडाच दोन्ही हातांवर धरून निघालो. रिक्षात तर माझ्या मांडीवर तान्हं बाळ असल्यासारखं वाटत होतं.

"अरे, मिट ना ते झाकण!" बायको वैतागली.

"तूच म्हणालीस, उघडी ठेव!"

हॉलच्या दारात बॅटरीने मान टाकली. चार्जर शोधला, लावला, फाईल उघडली. पांढरी! लाल नाही, निळा नाही, आत्यासुद्धा पांढरीफटक! शोधाशोध केल्यावर खरी ओरिजिनल त्याच लॅपटॉपमध्ये एका कोपऱ्यात सापडली. तिला मी हातच लावला नव्हता. 'सेव्ह अ‍ॅज' दाबल्यापासून समोर उघडी होती ती कॉपी! इतके दिवस तीच रंगवत होतो, आणि साध्या फाईलमध्ये रंग राहतच नाहीत!

"काळजी नको साहेब," मॅनेजर म्हणाला. "फाईलमधल्या क्रमानेच पाट्या मांडल्यात."

म्हणजे वयाप्रमाणे. म्हणजे थोरल्यांच्या शेजारी धाकटे!

मी धावलो. दोघे आधीच येऊन बसले होते, एक छताकडे बघत, दुसरा मिठाच्या डबीकडे. समोर सासऱ्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना तसं बघून मला फार वाईट वाटलं.

"काका, उठा!" मी थोरल्यांना म्हणालो. "तुम्ही इथले नाही. तुम्ही लाल आहात!"

"काय आहे मी?"

"लाल! परवापर्यंत होतात. आणि हे निळे!"

"निळा? मी?" धाकट्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले.

"आता सगळेच पांढरे झालेत हो! आत्यासुद्धा!"

थोरल्या काकांनी हळूच धाकट्यांकडे मान वळवली.

"हा नेहमी असाच बोलतो?"

"आज जरा बराच आहे," धाकटे म्हणाले.

आणि दोघे असे काही हसले की पाण्याचा ग्लास आडवा झाला! सासऱ्यांनी डोळे पुसले, मग सुखाने दोन वेळा भात घेतला. बायकोने सगळ्यांदेखत माझा हात धरला. मी काय, मान ताठ करून उभा!

हल्ली दोघे भाऊ रोज सकाळी फोनवर बोलतात. विषय मीच असतो.