मगदूमअण्णांच्या बारा ओळी

मगदूमअण्णा स्वतःचं नाव कधीही एकसारखं टाइप करत नाहीत. आज सगळी अक्षरं कॅपिटल, उद्या सगळी स्मॉल, परवा खिचडी. मग टेबलावरच्या चाचणीच्या मशीनला दरडावतात, "वळीखलंस का?" मशीनला ओळख पटली की मगच चहा.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. कोल्हापुरातलं आमचं छोटं ऑफिस गावोगावच्या डेअऱ्यांतल्या दूध घ्यायच्या मशीनसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहितं. ही भाषा भारी हट्टी. तिच्या लेखी कॅपिटल ए वेगळा, स्मॉल ए वेगळा. दूध घालणाऱ्यानं मशीनवर नाव टाकताना एवढा फरक पडला तरी सभासद परका. म्हणून अण्णांनी बारा ओळी लिहिल्यात. दोन्ही नावांतलं एकेक अक्षर घ्यायचं, स्मॉल करायचं, मग ताडून बघायचं. मूळ नावाला मात्र हात लावायचा नाही. "ज्यानं जसं लिवलंय तसं ऱ्हाऊ दे," हे त्यांचं पालुपद.

गेल्या महिन्यात पुण्याहून नवे मॅनेजर आले. म्हणाले, "ह्या ओळी काढा. नाव कॅपिटलमध्येच टाका, असा डेअरीत बोर्ड लावू."

"बोर्ड मशीनला लावा की," अण्णा म्हणाले. "माणसानं का म्हणून सुधारायचं?"

"मगदूम, आज काढा. नाहीतर सोमवारी येऊ नका."

"मला काढा. ओळी न्हाय निघायच्या."

डबा उचलून अण्णा सरळ घरी गेले. मॅनेजरांनी काम माझ्यावर ढकललं. मला अण्णांचाच राग आला होता; बारा ओळींसाठी स्वतःच्या पोटावर पाय कोण आणतं? चिडूनच फाइल उघडली. प्रोग्राम तपासायच्या नावांत पहिलंच नाव शांताबाई, निम्मं कॅपिटल, निम्मं स्मॉल. ही कोण, हे विचारायला मी अण्णांना फोन लावला.

"आई माझी," ते म्हणाले. "साठीत इंग्रजी अक्षरं शिकली. हौसेनं मशीनवर नाव टाकलं, असंच. मशीन म्हणालं, सभासद न्हाय. रांग हसली. भरलेली किटली घिऊन माघारी आली, परत डेअरीत गेली न्हाय. प्रोग्राम माझाच हुता."

मी पडद्यावरचं ते नाव पुन्हा वाचलं.

"आता आई न्हाय. रोज सकाळी आधी तिचं नाव टाकतो, तिनं टाकल्यालं तसंच. मशीन व्हय म्हणतंय."

सोमवारी मी अण्णांना गाडीवर मागं बसवूनच ऑफिसात आणलं.

"ओळी निघाल्या?" मॅनेजरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "आता दोघांना काढावं लागंल."

अण्णांचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. ते एका बोटानं, सावकाश, शांताबाई टाइप करत होते.